सुख म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुखाबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. जिथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत तिथे दुसऱ्याचा क्रमांक दिला आहे. उत्तरांत माझी मतं आहेत आणि ती झाकून ठेवलेली नाहीत.

१. सुख म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगाल का?

नाही सांगता येणार, कारण या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले आहेत. "तू सुखी आहेस का?" असं विचारणाऱ्याला कधी या घडीला तुम्हाला कसं वाटतंय ते हवं असतं. कधी एकंदर आयुष्याकडे पाहून तुम्ही समाधानी आहात का, ते. आणि कधी तुमचं जगणं खरोखर चांगलं आहे का, ते. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. तान्ह्या बाळाची आई रात्रभर जागून वैतागलेली असते. त्या घटकेला विचाराल तर ती मुळीच सुखी नाही, पण आयुष्याबद्दल विचाराल तर म्हणेल, हेच तर हवं होतं. उलट रोज मजेत असलेला एखादा माणूस चार दिवस एकटा पडला की "आपण आजवर केलं काय?" या विचाराने हबकतो.

अ‍ॅरिस्टॉटलला (इ.स.पू. ३८४–३२२) तिसऱ्या प्रश्नात रस होता. माणूस म्हणून आपल्यात जे उत्तम आहे ते आयुष्यभर वापरत राहणं, हे त्याच्या लेखी सुख. म्हणजे सुख ही वाटण्याची नव्हे, करण्याची गोष्ट झाली. इंग्लिश तत्त्वज्ञ बेंथमने (१७४८–१८३२) पहिला प्रश्न धरला आणि सुखदुःखाच्या संवेदनांची बेरीज-वजाबाकी मांडली. आजची सर्वेक्षणं बहुतेक वेळा दुसरा प्रश्न विचारतात. सुखाविषयीचे निम्मे वाद तरी एकाने पहिल्या प्रश्नाचं आणि दुसऱ्याने तिसऱ्याचं उत्तर दिल्यामुळे झाले आहेत, असं माझं मत आहे. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हे तीन अर्थ येतील, तेवढे लक्षात असू द्या.

२. मजा, चैन, करमणूक याला 'खोटं सुख' का म्हणतात? मला तर ते अगदी खरं वाटतं.

वाटतं म्हणजे ते खरंच आहे. पहिल्या अर्थाच्या सुखात वाटणं आणि असणं यांत फरकच नसतो. टीकाकारांची तक्रार वेगळी आहे: हे सुख टिकत नाही, किंवा मागाहून त्याची भरपाई करावी लागते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार येतात. सात्त्विक सुख आरंभी विषासारखं आणि शेवटी अमृतासारखं. राजस त्याच्या उलट, आधी अमृत आणि मग विष. तामस सुख म्हणजे झोप, आळस आणि बेसावधपणातून येणारं, जे सुरुवातीलाही भुलवतं आणि शेवटीही. यातल्या कुठल्याच प्रकाराला सुख म्हणायचं नाकारलेलं नाही, हे महत्त्वाचं. कसोटी काळाची आहे: आत्ता कसं वाटतं आणि नंतर कसं वाटेल.

ही वर्गवारी मला उपयोगी वाटते, पण तिच्या दोन मर्यादा आहेत. जिवलगांशी रंगलेल्या गप्पा, चांगलं गाणं, नुसतं हिंडणं या गोष्टी दोन्ही टोकांना गोड असतात, आणि त्यांना या तीन खणांत बसवताना ओढाताण होते. दुसरी मर्यादा जास्त घातक आहे. आरंभी विष लागलं म्हणजे शेवटी अमृत मिळेलच, असा उलटा अर्थ लोक काढतात आणि नकोशा कामात किंवा नकोशा नात्यात वर्षानुवर्षं काढतात. काही गोष्टी आरंभीही विष असतात आणि शेवटीही.

३. चार्वाक आणि एपिक्युरस दोघेही 'खा, प्या, मजा करा' म्हणणारेच ना?

दोघांचीही बदनामी झाली आहे, पण ती सारखी नाही.

चार्वाक म्हणजे परलोक न मानणारे प्राचीन भारतीय विचारवंत. त्यांचं म्हणणं आपल्याला मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून कळतं. "ऋणं कृत्वा घृतं पिबेत्", म्हणजे कर्ज काढा पण तूप प्या, हे प्रसिद्ध वचन चौदाव्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त येतं, आणि तो ग्रंथ वेदान्ती परंपरेतला आहे. विरोधकाने उद्धृत केलेलं वाक्य कितपत जसंच्या तसं मानायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. त्याच ग्रंथात चार्वाकांचा एक युक्तिवाद मात्र दमदार आहे: सुखात दुःख मिसळलेलं असतं म्हणून सुखच सोडायचं, हे कोंड्याच्या भीतीने धान्य फेकून देण्यासारखं आहे. या युक्तिवादाला चोख उत्तर फार थोड्यांनी दिलं आहे.

ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस (इ.स.पू. ३४१–२७०) सुखवादी होता, पण चैनबाज नव्हता. शरीराला पीडा नसणं आणि मनाला धास्ती नसणं ही त्याच्या मते सुखाची कमाल मर्यादा, त्यापुढे नुसता फेरबदल. इच्छांचे त्याने तीन भाग पाडले: नैसर्गिक आणि गरजेच्या, नैसर्गिक पण बिनगरजेच्या, आणि पोकळ. कीर्ती आणि अमर्याद संपत्ती या तिसऱ्या भागात, कारण त्यांना 'पुरे' असा बिंदूच नसतो. शेवटच्या आजारात मूत्राच्या असह्य वेदना होत असताना त्याने मित्राला लिहिलं की मागच्या संभाषणांच्या आठवणींनी या वेदनांशी तोल साधला आहे. आयुष्यभर सुखाचा पुरस्कार करणाऱ्याची ही शेवटची चिठ्ठी आहे.

४. 'सर्वं दुःखं' म्हणणाऱ्या बुद्धांच्या धर्मात सुखाला जागा आहे का?

भरपूर आहे. चार आर्यसत्यांतलं पहिलं दुःखाचं असलं तरी तिसरं त्या दुःखाच्या निरोधाचं आणि चौथं तिथे नेणाऱ्या मार्गाचं आहे. रोगाचं नाव सांगून थांबणारी ही मांडणी नव्हे. धम्मपदात निर्वाणाला 'परम सुख' म्हटलं आहे.

दुःख म्हणजे सदोदित रडणं, असाही अर्थ नाही. सुखद वेदना असतात हे बुद्ध मान्य करतात. एका सुत्तात ते म्हणतात की रूपात निव्वळ दुःखच असतं तर जीव त्यात गुंतलेच नसते. गोडवा आहे म्हणूनच तर ओढ लागते. अडचण ही की तो गोडवा बदलतो आणि आपण तो बदलू नये म्हणून धडपडतो. गृहस्थाच्या सुखाबद्दल बुद्धांनी काय सांगितलं, ते पुढच्या उत्तरात आहे.

५. परंपरेत जिकडे-तिकडे मोक्षच दिसतो. संसारी माणसाच्या सुखाबद्दल कोणी काही बोललंय का?

बोललंय, आणि फार नेमकं बोललंय. माझा सगळ्यात आवडता प्रश्न हाच.

महाभारतात यक्ष युधिष्ठिराला विचारतो, सुखी कोण? राजपुत्र उत्तर देतो: जो पाचव्या किंवा सहाव्या दिवशी का होईना, स्वतःच्या घरी भाजीपाला शिजवून खातो, ज्याच्यावर ऋण नाही आणि ज्याला परमुलखात राहावं लागत नाही, तो सुखी. हे उत्तर वनवासात असलेला माणूस देतो आहे, घरदार द्यूतात घालवून बसलेला, आणि समोर चार भाऊ निपचित पडलेले आहेत. या उत्तरात ज्या तीन गोष्टी येतात, त्यांतल्या दोन त्याच्याकडे तेव्हा नाहीत.

बुद्धांनी अनाथपिंडिक नावाच्या धनाढ्य व्यापाऱ्याला गृहस्थाची चार सुखं सांगितली: कष्टाने आणि सरळ मार्गाने मिळवलेली संपत्ती जवळ असण्याचं, ती उपभोगण्याचं आणि सत्कार्याला लावण्याचं, कोणाचं थोडंही देणं नसण्याचं, आणि आपल्या वागण्यात बोट ठेवायला जागा नसण्याचं. पहिली तीन मिळून चौथ्याच्या सोळाव्या भागाइतकीही भरत नाहीत, असंही ते सांगतात. ऐकणारा व्यापारी असल्यामुळे हिशेबही त्याच्याच भाषेतला.

दोन्ही याद्यांत कर्ज नसणं आहे, आणि चार्वाकांच्या नावावर खपणाऱ्या वचनात नेमकं कर्ज काढणं आहे. इतक्या लांबच्या परंपरा एकाच मुद्द्यावर येऊन भांडतात, तेव्हा तो मुद्दा लोकांना रोज छळत असणार. देणं नसलेला माणूस त्या गोष्टीचा आनंद रोज काही मानत नाही, त्याच्या ते लक्षातही नसतं. बरीचशी सुखं अशीच असतात. ती असताना दिसत नाहीत, म्हणून कुठल्याही मोजमापात ती कमी भरतात.

६. मोक्षात सुख असतं, की फक्त दुःख नसतं?

यावर दर्शनांचं एकमत नाही. न्यायदर्शनात अपवर्ग म्हणजे दुःखापासून कायमची सुटका. तिथे आनंदाचा दावा नाही, कारण आनंद अनुभवायला मन-शरीराची जी सामग्री लागते तीच उरत नाही. वेदान्ताला हे मान्य नाही, ब्रह्म हे आनंदरूपच. जैन मतानुसार मुक्त जीवाच्या ठायी अनंत ज्ञान आणि दर्शनाबरोबर अनंत सुखही प्रकट होतं. दुःखाचा नुसता अभाव म्हणजे सुख, हे न पटलेल्या कोणीतरी श्लोक रचून ठेवला आहे: वृंदावनात कोल्हा होऊन राहीन, पण वैशेषिकांची (न्यायाच्या जवळच्या दर्शनाची) मुक्ती नको.

चेष्टा बाजूला ठेवली तर प्रश्न खरा आहे. दाढदुखी थांबल्यावर जे वाटतं ते सुख, की नुसती सुटका? एपिक्युरस म्हणेल, तेच सुख. मला वाटतं तो अर्धा बरोबर आहे: तासभर ते सुख असतं, मग आपण ते विसरतो.

७. ख्रिस्ती आणि इस्लामी विचारात सुख या जगात आहे की पुढच्या?

दोन्हीकडे पूर्ण सुख पुढच्या जगात आहे, पण इथलं अगदीच रिकामं ठेवलेलं नाही. ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने (१२२५–१२७४) दोन पातळ्या केल्या. परिपूर्ण सुख ईश्वराच्या साक्षात दर्शनात, तेही मृत्यूनंतर. या आयुष्यात अपूर्ण सुख शक्य, आणि त्याचं वर्णन त्याने बरंचसं अ‍ॅरिस्टॉटलकडून घेतलं. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात मात्र वेगळाच धक्का आहे. तिथे धन्य म्हटलं आहे ते दीनांना, शोक करणाऱ्यांना, छळ सोसणाऱ्यांना. पहिल्या अर्थाने पाहिलं तर हे विधान उघड चुकीचं ठरेल, ते तिसऱ्या अर्थानेच वाचावं लागतं.

कुराणात अंतःकरणाची शांती ईश्वराच्या स्मरणात आहे असं सांगितलं आहे (सूरह १३, आयत २८). इस्लामी विचारवंत गझालीने (१०५८–११११) सुखाच्या किमयेवर फारसीत ग्रंथ लिहिला. आधी स्वतःला ओळखा, मग ईश्वराला, असा त्याचा क्रम. हा माणूस बगदादमधला नामांकित अध्यापक होता. १०९५ साली व्याख्यान द्यायला उभं राहिलं की शब्दच फुटेना, आणि मानाचं पद सोडून तो निघून गेला. त्याचं लेखन वाचताना हे माहीत असलेलं बरं.

८. तुकोबा एकीकडे 'सुख पाहतां जवापाडें' म्हणतात आणि दुसरीकडे 'आनंदाचे डोहीं आनंदतरंग'. खरं कोणतं?

दोन्ही खरी, कारण दोन्हींचा विषय वेगळा आहे. पहिल्या अभंगात आयुष्याच्या मुदतीचा हिशेब आहे. जवाएवढं सुख, पर्वताएवढं दुःख, मग अर्धं आयुष्य रात्रीने नेलं, उरलेल्यातलं बालपणाने आणि म्हातारपण-आजारांनी. हे बोलणारा माणूस दुष्काळात होरपळलेला आहे. पैसा आटला, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत मेली, हे त्यांनीच सांगून ठेवलंय. त्यांना पर्वत म्हणजे काय ते कोणी शिकवायची गरज नव्हती.

दुसऱ्या अभंगात हिशेबच नाही. आनंद कोणत्या गोष्टीपासून मिळाला, किती मिळाला, किती टिकला, यातलं काहीही नाही. गर्भाची आवड आईच्या डोहाळ्यात उमटते तसा आतला अनुभव मुखात आला, एवढंच ते म्हणतात. पहिला अभंग 'हा दुबळा काळ' आणि दुसरा 'हा मोक्षानंतरचा काळ' अशी सोयीस्कर वाटणी बरेच जण करतात, मला ती पटत नाही. पर्वताएवढं दुःख नाकारूनच आनंद मिळतो, असं तुकोबांनी कुठेही म्हटलेलं नाही. एकाच माणसाला दोन्ही ठाऊक असू शकतं.

९. पैशाने सुख मिळतं का? खरं काय ते सांगा.

मिळतं. ठरावीक रकमेपर्यंतच मिळतं आणि मग थांबतं, हे तुम्ही ऐकलं असेल. २०१० साली डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांनी अमेरिकी माहितीवरून दाखवलं की आयुष्याबद्दलचं समाधान उत्पन्नाबरोबर वाढत जातं, पण रोजची भावनिक स्थिती एका पातळीनंतर सुधारत नाही. पुढे मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांना २०२१ मध्ये ती थांबण्याची पातळी सापडली नाही. मग दोन्ही पक्षांनी एकत्र बसून माहिती तपासली आणि २०२३ मध्ये संयुक्त निष्कर्ष मांडला: बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढत राहतं. थांबतं ते सगळ्यात दुःखी असलेल्या गटाचं. शास्त्रज्ञांनी असं भांडण मिटवणं दुर्मीळ, म्हणून मुद्दाम सांगितलं.

याचा अर्थ मला असा दिसतो. वियोग, आजारपण, तुटलेलं मन अशी दुःखं पैसा एका हद्दीपर्यंत सुसह्य करतो, त्यापुढे तो हात टेकतो. शिवाय हे वाढणं पटीत असतं: उत्पन्न दुप्पट झाल्याने जेवढा फरक पडतो, तेवढाच पुढचा फरक पडायला ते पुन्हा दुप्पट व्हावं लागतं. कठोपनिषदातला नचिकेत यमाला सांगतो की वित्ताने माणूस तृप्त होणारा नाही. तृप्ती आणि सुखात भर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे तोही चुकलेला नाही.

१०. लॉटरी लागलेले आणि अपघातात अपंग झालेले लोक काही काळाने सारखेच सुखी होतात, हे खरं का?

नाही. ही गोष्ट १९७८ च्या ब्रिकमन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासावरून सांगितली जाते, पण बहुतेक सांगणाऱ्यांनी तो पाहिलेला नसतो. त्यात लॉटरी लागलेले २२ आणि अपघाताने अंगाची हालचाल गमावलेले २९ लोक होते. लॉटरीवाले इतरांपेक्षा लक्षणीय सुखी नव्हते, हे बरोबर. पण अपघातग्रस्त इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी सुखी होते, फक्त लोकांना वाटतं तितके दुःखी नव्हते. शिवाय सगळ्यांना एकदाच विचारलं होतं. म्हणजे कोण सावरलं आणि किती, हे त्यातून कळूच शकत नाही.

नंतरचे मोठे अभ्यास काय म्हणतात? स्वीडनमधल्या लॉटरी विजेत्यांवरचा २०२० चा अभ्यास सांगतो की मोठ्या बक्षिसाने आयुष्याबद्दलचं समाधान दहा वर्षांनंतरही वाढलेलं होतं, रोजच्या आनंदावर मात्र परिणाम त्याहून कमी. पुन्हा पहिल्या उत्तरातलाच फरक. आणि गंभीर अपंगत्वानंतर समाधान बरीच वर्षं खाली राहतं, हे वर्षानुवर्षं त्याच माणसांची माहिती घेणाऱ्या अभ्यासांत दिसलं आहे. माणसाला सवय होते हे खरं, पण सगळ्याची होत नाही. "होईल सवय" असं दुसऱ्याच्या दुःखाला म्हणण्याआधी थांबावं.

११. फिनलंडचे लोक जगात सगळ्यात आनंदी कसे? ते तर हसतही नाहीत म्हणतात.

कारण त्यांना हसण्याबद्दल विचारलेलंच नसतं. 'वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट' २०१२ पासून निघतो आणि त्याची क्रमवारी एका प्रश्नावर ठरते: शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी आहे, सगळ्यात वर तुमच्यासाठी शक्य असलेलं सर्वोत्तम आयुष्य आणि तळाशी सगळ्यात वाईट, तर तुम्ही आज कुठल्या पायरीवर आहात? हा दुसऱ्या अर्थाचा प्रश्न. फिनलंड २०१८ ते २०२५ सलग पहिला आला. "काल तुम्ही हसलात का, आनंद वाटला का?" असं विचारलं की लॅटिन अमेरिकेतले देश वर येतात.

१२. सुखाच्या मागे लागलं की ते पळतं म्हणतात. मग प्रयत्नच सोडायचा का?

इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलला हा प्रश्न विसाव्या वर्षी भिडला. १८२६ साली त्याने स्वतःला विचारलं: जगात ज्या सुधारणा मला हव्या आहेत त्या सगळ्या या क्षणी झाल्या, तर मी सुखी होईन का? आतून उत्तर आलं, नाही. वडिलांनी लहानपणापासून सुखाच्या तत्त्वज्ञानावरच वाढवलेल्या मुलाची ही अवस्था. महिनोन्‌महिने तो खिन्न राहिला. आत्मचरित्रात त्याने काढलेला निष्कर्ष असा: आपण सुखी आहोत का, असं विचारलं की सुखीपणा संपतो. लक्ष दुसऱ्या कशावर तरी हवं, सुख वाटेत भेटतं.

अलीकडे याला थोडा प्रायोगिक आधार मिळाला आहे. आयरिस मॉस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये काही जणांना आधी सुखाचं महत्त्व पटवलं आणि मग आनंदी चित्रफीत दाखवली. त्यांना इतरांपेक्षा कमी आनंद झाला. कारण बहुधा हे की ते बघता बघता स्वतःला तपासत होते.

म्हणून प्रयत्न सोडा, असं मात्र होत नाही. झोप, व्यायाम, माणसांत मिसळणं, देणी फेडणं यांसाठी प्रयत्न करता येतो आणि त्याचा उपयोग होतो. दर तासाला "आता वाटतंय का बरं?" हे विचारणं सोडा.

१३. समाधानी राहिलं तर प्रगती खुंटत नाही का?

'असंतोषः श्रियो मूलम्', असंतोष हे वैभवाचं मूळ, असं महाभारतात एक पात्र ठासून सांगतं. ते पात्र दुर्योधन, आणि तो हे पांडवांचं वैभव पाहून जळत असताना म्हणतो. वचन तेवढ्याने खोटं ठरत नाही. टिळकांनीही 'गीतारहस्या'तल्या सुखदुःखविवेकाच्या प्रकरणात ते विचारात घेतलं, आणि सगळाच असंतोष त्याज्य मानला नाही.

माझ्या मते गोंधळ असा होतो: समाधान 'माझ्याकडे काय आहे' याबद्दलचं असतं, उद्यम 'काय करायचं आहे' याबद्दलचा. गायकाला आपल्या वाट्याला आलेल्या आयुष्याबद्दल समाधान असू शकतं आणि आजच्या तानेबद्दल घोर असमाधान. 'ठेविलें अनंतें तैसेंचि राहावें' म्हणणाऱ्या तुकोबांनी हजारो अभंग लिहिले, ते काही हातपाय गाळून बसले नव्हते. मात्र हे वचन सत्ताधाऱ्याने पीडिताला ऐकवलं की त्याचा अर्थ बदलतो. समाधान स्वतःला सांगायचं असतं.

१४. कायम आनंदी राहणं शक्य आहे का?

पहिल्या अर्थाने नाही, आणि तसं असूही नये. भीती आणि शोक यांना कामं असतात. बाकीचं उत्तर ४ आणि ६ मध्ये.

१५. दुसऱ्याचं चांगलं झालेलं पाहून मला त्रास होतो. मी वाईट माणूस आहे का?

नाही. हे इतकं सार्वत्रिक आहे की पतंजलींनी आणि बुद्धांनी दोघांनीही त्यावर वेगळा उपाय दिला. योगसूत्रात सुखी माणसांविषयी मैत्री, दुःखितांविषयी करुणा, पुण्यवानांविषयी मुदिता आणि अपुण्यवानांविषयी उपेक्षा ठेवल्याने चित्त प्रसन्न होतं असं सूत्र आहे. बौद्ध ब्रह्मविहारांतही (मनात वाढवायच्या चार भावनांत) मुदिता आहे, दुसऱ्याच्या भल्यात आनंद. ती मुद्दाम भावावी लागते, याचाच अर्थ ती आपोआप येत नाही.

व्यवहारात एक गोष्ट पाहावी. त्रास सगळ्यांच्याच यशाचा होत नाही, आपल्या बरोबरीच्यांच्या यशाचा होतो. तो कशावर उठतो हे नीट बघितलं तर आपल्याला खरं काय हवं आहे, ते बहुतेक वेळा सापडतं.

१६. आजूबाजूला इतकं दुःख असताना आपण सुखी असणं अनैतिक नाही का?

तुम्ही दुःखी झाल्याने जगातलं दुःख एकाने वाढतं, एवढाच हिशेब बेंथम मांडेल. तो बरोबर आहे, पण पुरेसा नाही. कांटच्या मते नैतिक प्रश्न 'मी सुखी कसा होईन' हा नसून 'सुखाला मी पात्र आहे का' हा आहे. दुसऱ्याच्या दुःखाला आपलं सुख कारण असेल, तर खरंच थांबून पाहायला हवं. तसं नसेल, तर अपराधी वाटून घेण्याने कोणाचंच पोट भरत नाही.

ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या पसायदानात 'किंबहुना सर्व सुखी' असं मागणं आहे. मागणाऱ्याने स्वतःला त्या 'सर्वां'तून वगळलेलं नाही. आणि दुष्टांनाही नाही, जावा असं म्हटलं आहे तो त्यांचा वाकडेपणा.

१७. हवा तो सुखद अनुभव देणारं यंत्र असेल, तर त्यात आयुष्य काढावं का?

अमेरिकी तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये हा प्रश्न घातला. यंत्रात गेल्यावर तुम्ही थोर कादंबरी लिहिताय, मैत्री जोडताय असं तुम्हाला अगदी खरं वाटेल. आपण टाकीत तरंगतोय हे आठवणारही नाही. नोझिक यांचा अंदाज होता की बहुतेक जण नाही म्हणतील, म्हणजे आपल्याला नुसता अनुभव नको असतो, ती गोष्ट खरी हवी असते.

यावर एक मजेदार उलटतपासणी झाली. फेलिपे द ब्रिगार्ड यांनी २०१० मध्ये लोकांना उलटा प्रश्न घातला: तुम्ही आत्ता यंत्रातच आहात, बाहेर यायचं का? तेव्हा बऱ्याच जणांना आतच राहायचं होतं. मग आपल्याला सत्य प्रिय आहे, की जे चाललंय तेच? मला वाटतं दोन्ही, आणि म्हणूनच पुढची शंका अवघड होते.

१८. जोडीदार फसवतोय हे माहीत नसलेला माणूस सुखी आहे का?

पहिल्या दोन अर्थांनी हो, तिसऱ्या अर्थाने नाही. याची परीक्षा सोपी आहे: सत्य कळल्यावर तो "आजपासून माझं सुख गेलं" असं म्हणत नाही, "इतकी वर्षं सगळं खोटं होतं" असं म्हणतो. मागच्या दिवसांत त्याला जे वाटलं होतं ते बदललेलं नाही, तरी ते दिवस त्याच्यासाठी बदलतात.

१९. मला कशातच आनंद वाटत नाही. यावर कोणतं तत्त्वज्ञान वाचू?

आधी डॉक्टरांना भेटा. दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहणं किंवा आवडत्या गोष्टींतलं स्वारस्य संपणं, हे जवळजवळ रोज आणि दोन आठवडे किंवा त्याहून जास्त चाललं असेल, तर ते नैराश्याच्या आजाराचं लक्षण असू शकतं. झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल तर शक्यता वाढते. त्याला उपचार आहेत. 'मन घट्ट कर', 'कृतज्ञ राहा' असले सल्ले या अवस्थेत अपराधीपणा वाढवतात. जगणं नको असे विचार येत असतील, तर हे पान बंद करून आत्ताच जवळच्या कोणाला तरी तसं स्पष्ट सांगा आणि आजच वैद्यकीय मदत घ्या. पुस्तकं नंतरही मिळतील.

२०. माणूस मरेपर्यंत त्याला सुखी म्हणू नये, असं का म्हणतात? आणि मेल्यावर तरी ते ठरतं का?

ही गोष्ट ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सांगितली आहे. लिडियाचा राजा क्रीसस आपला खजिना दाखवून अथेन्सच्या शहाण्या सोलोनला विचारतो, जगात सगळ्यात सुखी कोण? सोलोन अथेन्सच्या टेलसचं नाव घेतो, जो नातवंडं पाहून गावासाठी लढताना मेला. राजा चिडतो तेव्हा सोलोन सांगतो, शेवट पाहिल्याशिवाय कोणाला सुखी म्हणू नये. पुढे क्रीससचं राज्य पर्शियाच्या सायरसने घेतलं. (दोघांची भेट खरोखर झाली असणं काळाच्या हिशेबाने कठीणच.)

अ‍ॅरिस्टॉटल या मताला अडवतो. माणूस सुखी होता असं तो गेल्यावरच म्हणायचं आणि असताना नाही, हे विचित्र आहे. आणि शेवटपर्यंत थांबायचं तर नेमकं कुठे? माणूस गेल्यावर त्याच्या मुलाबाळांची वाताहत झाली, तर त्याचं सुख मागे जाऊन कमी होतं का? अ‍ॅरिस्टॉटलचं उत्तर सावध आहे: असल्या गोष्टींची झळ मेलेल्यापर्यंत किंचित पोहोचत असावी, पण सुखी माणसाला दुःखी ठरवण्याइतकी नाही.

पहिल्या दोन अर्थांनी हा प्रश्नच निकाली निघतो, कारण मेलेल्याला काही वाटत नाही आणि तो काही सांगतही नाही. तिसऱ्या अर्थाने तो शिल्लक राहतो. एखादं घर कर्त्या माणसाच्या माघारी भांडणांत फुटलं की आपण म्हणतो, "बरं झालं, हे बघायला ते नाहीत." म्हणजे बघितलं नाही तर झळ नाही, असं आपण धरतो. अ‍ॅरिस्टॉटलला ते तितकंसं मान्य नव्हतं, आणि फसवल्या गेलेल्या माणसाबद्दल (१८) वर दिलेलं उत्तर ज्यांना पटलं असेल, त्यांनाही ते मान्य करणं जड जाईल.